पेन्सिलीनं

उलानबातर, जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
खिडकीला तिहेरी काच, तरी कोळशाच्या धुराचा वास
कुठून तरी शिरतोच, कॉरिडॉरपर्यंत.
त्यापुढे दोन दारं, आणि हवा गाळणारं यंत्र.
त्याचं जाळं बदलायची तारीख
ऑक्टोबरमध्येच होऊन गेली.

मी ड्यूटीचा तक्ता लिहिते. पेन्सिलीनं.
शाईनं लिहायचे तेव्हा आम्ही अकराजणी होतो.

आता नोमिनगेरेल, दवासुरेन, मी,
आणि नवी आरिउनझाया, जिला अजून
छातीतल्या नळीला हात लावताना
स्वतःचा श्वास धरावा लागतो.
अकरातून सात गेल्या.
शाळेत शिकवलं होतं, कमी पडलं की
शेजारच्या घरातून हातचा घ्यावा.
गेले होते मागायला, शेजारच्या वॉर्डात.
त्यांनी आपलंच घर उघडून दाखवलं,
आत शून्य.

पेशी मोजायला यंत्र आहे आमच्याकडे, जर्मन,
लाखांच्या हिशेबात बोलतं.
नर्सेस मोजायला बोटं पुरतात,
अंगठा उरतो.

तेमुलेनच्या बहिणीच्या पेशी
नोव्हेंबरातच काढून गोठवल्या,
कारण काढणं आणि चढवणं एकाच दिवशी
करायला माणसं नव्हती.
इथं दिवस उलटे मोजतात: उणे सात, उणे सहा,
पोरगं शून्याकडे चढत आलं,
शहर होतं तिथंच.
पिशवी वितळली, थेंब सुरू झाले,
आणि खोलीभर लसणाचा वास.
नऊ वर्षांचा तो, डोक्यावर केस नाही एक,
म्हणाला, कुणीतरी बूझमध्ये लसूण जास्त घातलाय.
मी हसले. मास्कमध्ये हसलेलं
फक्त आपल्यालाच ऊन लागतं.

सोमवारी सकाळी होव्दवरून गाल्सानदोर्ज फोन करतात.
ट्रक चालवायचे. आवाज अजून ट्रकएवढा.
‘खोली रिकामी झाली का, ताई?’

चार नंबरची खोली एकोणीस दिवस रिकामीच आहे.
गादीवरचं प्लास्टिक तसंच, नळाला पाणी,
दिवा लावला की लागतो.
खोलीला काय धाड भरलीये!
रात्री तीनला तिथं ताप बघायला
माणूस नाही, एवढंच.
हे कसं सांगायचं? रिकामं आहे म्हणून येऊ नका?
मी म्हणते, अजून नाही.
ते म्हणतात, बरं. मग माझीच समजूत घालतात:
बर्फ फार आहे, पुढच्या सोमवारी
फोन लागला नाही तर काळजी करू नका.

खिशिगजार्गाल सोलला गेली, सप्टेंबरात.
तिथं म्हणे एका नर्सकडे दोनच पेशंट,
आणि जेवायला बसून जेवतात.
तीन आठवडे मी तिच्याशी बोलले नाही.
कुणावर रागवायचं असतं
ते मला नीटसं ठाऊक नव्हतं,
ती सोयीची होती.

काल मध्यरात्री तिचा मेसेज आला,
‘तेमुलेनचे आकडे?’
तिच्याकडे तेव्हा एक वाजला असेल.
चारशे वीस, मी लिहिलं.
पाचशे झाल्या की रुजल्या म्हणायचं, तेही लागोपाठ तीन दिवस.
तिनं लिहिलं, ‘उद्या होतील. तोंडातल्या जखमा बघ,
तो सांगत नाही.’
खरंच, सांगत नाही. मी बॅटरी घेऊन गेले.
होत्या.

आता पहाटेचे पाच. तक्ता समोर.
चौथ्या खोलीपुढे मी ‘गाल्सानदोर्ज’ लिहिते, हलक्या हातानं,
त्यांच्यापुढे स्वतःचं नाव, बारा तास.
त्याच्यापुढचे बारा तास, पुन्हा स्वतःचंच.
मग खोडते.
हे आजचं नाही. या महिन्यात किती वेळा झालं
ते कागदाला विचारा:
तेवढ्या जागी तो इतका पातळ झालाय
की खालचं टेबल दिसतं.

सोमवार परवा आहे.