आकसणीची पट्टी

आण्णांची स्टीलची पट्टी खोटी आहे
हे मला फार उशिरा कळलं.

सव्वीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत
त्यांनी सागवानाचे पॅटर्न केले.
पंपाची बॉडी, इंजिनाचं झाकण,
एकदा एक दात्यांचं चाक,
जे घरी आणून त्यांनी आम्हाला
नव्या बाळासारखं दोन्ही हातांवर दाखवलं.
मग लाकूड कापणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं
आणि आण्णांना पाकिटातून हिशेब मिळाला.
पाकीट आईनं उघडलं.
ते अंगणात सायकलची साखळी बसवत होते,
जी उतरलेलीच नव्हती.

त्या उन्हाळ्यात घर आकसलं.
लिटरचं दूध अर्ध्यावर आलं,
आईचा साज पतसंस्थेच्या तिजोरीत गेला,
रविवारचा तांबडा रस्सा पातळ होत होत
नुसताच तांबडा उरला.
धैर्याची डिप्लोमाची फी
दर महिन्याला पुढच्या महिन्यात.
पाहुणे आले की आई एक कप कमी टाकायची
आणि म्हणायची, मला पित्त झालंय.

माळ्यावर सागवानाचे तुकडे होते.
त्यातून आण्णांनी शेजारच्या काकूंना
देवाचा पाट करून दिला, फुकट.
देण्याआधी मी तो खिडकीत ठेवला,
खाली आईची हिरवी इरकल पसरली
आणि फोनवर फोटो काढला.
लिहिलं : तुमच्या देव्हाऱ्याच्या मापात करून मिळेल.
"हे काय खूळ काढलंस?" आण्णा म्हणाले,
"लाकूड काय फोटोत कळतंय व्हय?
हात फिरवून बघाय लागतंय."

सतरा दिवस कुणी हात फिरवला नाही.
अठराव्या दिवशी नागपूरच्या खानझोडेबाई.
साडेचारशे बाय तीनशे, मिलिमीटरमध्ये,
खाली दोनदा अधोरेखित : तंतोतंत हवा.
आण्णांनी तीनदा मोजलं.
जुन्या कॅलेंडरात गुंडाळून
मी शाहूपुरीत कुरिअर केलं, तीनशे चाळीस रुपये.
नफा पंच्याऐंशी.
येताना त्यातल्या दहाचे शेंगदाणे घेतले.

नवव्या दिवशी पाट परत आला.
"काम सुबक आहे, पण बसत नाही.
साडेचार मिलिमीटर मोठा.
देव्हारा काही वाढणार नाही."

आण्णा पाट मांडीवर घेऊन बसले,
दुखऱ्या पोराला घ्यावं तसे.
मग उठले, धैर्याच्या कंपासमधली
प्लॅस्टिकची पट्टी काढली,
आपल्या पट्टीला लावून धरली.
शून्याशी शून्य जुळला.
तिसाशी तीस जुळेना,
मध्ये जोंधळ्याच्या दाण्याएवढं अंतर.

"आयला," ते म्हणाले.
"बीड ओतताना लाल असतं, निवलं की आकसतं.
ते आकसणं आधीच धरून
आमची पट्टी थोडी मोठी असती.
सव्वीस वर्षं हीच हातात.
लाकूड कुठं निवतंय, गं?"
आणि हसले.
आई पिठाच्या हातानं बाहेर आली,
कोण आलंय बघायला.

रात्रीच त्यांनी कडा रंधल्या.
पुन्हा कुरिअर, पुन्हा तीनशे चाळीस.
पहिल्या ऑर्डरीत दोनशे पंचावन्नचा तोटा,
वहीत अजून लाल पेनानं आहे.
पण खानझोडेबाईंनी देव्हाऱ्याचा फोटो पाठवला,
भिशीतल्या बायकांनाही पाठवला असावा,
कारण त्या महिन्यात नागपूरचे सात पाट निघाले,
एक उलट्या मापाचा, तोही आमच्याच चुकीनं.

याला तीन वर्षं झाली.
कुरिअरवाला पोरगा आता गल्लीतून हाक मारतो.
साज सुटला, त्यातली दोन पानं सोडून.
धैर्या वर्गात सगळ्यांत मोठा आहे
आणि ते कुणाला सांगत नाही.
आईला चहाचं पित्त होत नाही.

खोटी पट्टी खिळ्याला टांगलेली असते.
पाटाला ती लागत नाही.
पण एक तारखेला मी वही घेऊन बसते,
लाकूड, पॉलिश, हप्ता, वाणसामान,
तेव्हा आण्णा रंधा न थांबवता म्हणतात,
"त्या जुन्या पट्टीनं धर.
महिना निवला की आकसतो."