चारशे एक

धनकवडीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
टेबलाखाली एक जुना संगणक घरघरतो.
खाली दळण पडलं की दोघांचा सूर लागतो
आणि कीबोर्डवर पिठाची साय धरते.

त्याच्या पोटात माझे डबे.
कंटेनर म्हणतात, मी डबेच म्हणते.
एकात नुसतं पान : नाव, कधी आलात, सोबत कोण.
बिघडला तर मारून टाकायचा, नवा उठवायचा.
मेलेल्याला काही आठवत नाही, नव्यालाही नाही.
आठवायचं ते सगळं बाहेर, वेगळ्या कप्प्यात.
तिथे एकशे बारा बायकांचे पत्ते आहेत,
जे त्यांच्या घरी ठाऊक नाहीत.

म्हणून पुढे एक राखणदार बसवला.
ऐंशीच्या दाराशी कुणी आलं तर म्हणतो,
इथून नाही, चारशे त्रेचाळीसने या.
त्या दाराला कुलूप, कुलपाला नव्वद दिवसांची मुदत.
एकदा मुदत वाढवायची विसरले, दसऱ्याच्या आदल्या रात्री,
तर हेमांगिनीबाईंचा फोन :
"अहो, 'धोका' असं लिहून येतंय.
आपल्याला काय नवीन आहे का ते?"

कुलपाच्या आत पुन्हा लॉगिन.
रोज कुठून कुठून ढकलून बघतात,
अॅडमिन, रूट, टेस्ट, टेस्ट वन.
यंत्रंच ती. त्यांचा राग येत नाही.
चारशे एक, चारशे एक,
चहा पीत मी लॉग खाली सरकवते.

गुरुवारी पहाटे तीन सतराला
कुणीतरी हाताने टाइप करत होतं.
यंत्र इतकं थांबत नाही.
आधी सरोजिनी गवारे.
मग गवारे पुसून माहेरचं, ढमाले.
मग सरोज.
मग सरू.
मग अकरा मिनिटं काहीच नाही.
मग टिल्ली.
टिल्ली.
टिल्ली.
सातव्या चुकीला राखणदाराने, नियमाप्रमाणे, दार लावून घेतलं.

कुठून, ते कळलं नाही.
मोबाइलचे पत्ते पुण्यातल्या पुण्यात भटकत असतात.
वाटेत कुणाला काही ऐकू गेलं नसणार,
सगळं सांकेतिक मीच केलंय.
पण वाट संपते तिथे मी बसलेली असते.

सकाळी सगळ्यांचे पासवर्ड बदलले.
सगळ्या वैतागल्या.
दहाला सरोजिनी आली, तिला सांगितलं.
"उघडलं का?"
"नाही."
"किती वेळा?"
"सात."
तिने बोटांवर काहीतरी मोजलं, सातच्याही पुढे गेली,
आणि पाणी मागितलं.
नावं मी सांगितली नाहीत.

तिची मुलगी बाहेर, जिन्याच्या टोकाशी,
पायरीवरच्या पिठात बोटाने रेघा ओढत
मागे मागे सरकत होती.
रजिस्टरातलं तिचं नाव मला ऐनवेळी आठवेना.
जिभेवर आलं ते दुसरंच.
ते तसंच गिळलं,
खुर्ची पाडून धावले
आणि दंडाला धरून तिला आत आणलं.