चुन्याची रेष

हिंदूराव इंगवले फोन पुढं करतात.
"ह्यो फोटो. स्मरणिकेच्या मधल्या दोन पानांवर, आडवा."
पाच ग्रुपांतून फिरून आलेला फोटो,
प्रत्येक हातात थोडा थोडा झिजलेला.
बत्तीस केबी उरलाय.

मी माप बघते. सहाशे चाळीस ठिपके रुंद.
काका, इंचाला तीनशे लागतात.
म्हणजे हा नीट छापायचा तर दोन इंच,
आगपेटीएवढा.

"मग ताण की जरा."
ताणून दाखवते.
बॉलला पायऱ्या पडतात,
गोलकीपरच्या तोंडाची फरशी होते.
रश्शात पाणी घातलं की वाट्या वाढतात, काका,
फोडी वाढत नाहीत.
ते हसतात. खाली ऑफसेट मशीन चालू आहे,
अख्खी लक्ष्मीपुरी माझ्या खुर्चीतून थरथरते.

मूळ प्रिंट?
"टिपुगड्यांच्या सलूनात. आरशाच्या वर."

दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून फ्रेम येते.
फोटो काचेला चिकटलेला. ब्लेडनं सोडवताना
आभाळाचा एक कोपरा काचेवरच राहतो.
पोस्टकार्डाएवढा कागद, स्कॅनरला बाराशे सांगते.
दिवा मुंगीच्या चालीनं सरकतो,
काही गाळत नाही.

मग स्क्रीनवर:
भिंतीवर बसलेली पोरं, एकाच्या पायात एकच चप्पल.
जर्सीचं तुटलेलं बटण.
आडव्या झेपावलेल्या तरण्या हिंदूरावांच्या
नखांतला चिखल.
फोनवर जो नुसता डाग होता
तो दस्तगीर बागवान, समोरचा सेंटर फॉरवर्ड,
दोन्ही हात अर्धे वर.
आणि चुन्याची रेष.
आणि बॉल.
रेषेच्या चांगला चार बोटं आत.

ह्याच झेपेवर त्या वर्षी कप आला.
ह्याच झेपेचा फ्लेक्स लागतो दरवर्षी तालमीच्या दारात.
माउसवरचा माझा हात थांबतो.
उजवीकडून थोडं कापता येईल.
रेष पुसायला तर मिनिटसुद्धा नको,
पोट त्याच्यावरच चालतं माझं.

काका चष्मा लावतात. बराच वेळ बघतात.
खाली प्लेट बदलायला मशीन थांबलंय.
"एवढं दिसतंय व्हय?"
दिसतंय.
"मला त्या दिवशीबी दिसलं हुतं.
रेफ्रीच्या डोळ्यांवर ऊन. मी बॉल उचलला
आन् लाथंनं दिला लांब.
दस्तगीर काय बोलला न्हाई. नुसता बघत ऱ्हायला."

कापू का, मी विचारते.
"किती म्हणालीस ठिपके?"
तीनशे.
"तेवढ्यात रेष दिसंल?"
दिसेल.
"मग ऱ्हाऊ दे.
आन् एक कॉपी जादा काढ, फ्रेमच्या मापाची.
दस्तगीरची थोरली शमशाद बागल चौकात असती."

जिना उतरून गेलेले काका परत वर येतात, धापा टाकत.
"खाली नावं लिवशील तवा त्याचं आधी."

संध्याकाळी प्रूफ येतं, ओलसर.
मी भिंग लावते.
गवत ठिपक्यांचं, चिखल ठिपक्यांचा,
दस्तगीरचे हातही ठिपक्यांचेच.
रेषेवर मात्र काहीच नाही.
शाई तिथं पोचलेलीच नाही,
नुसता कागद.