दीड इंच माया

बुधवारी, डिचोलीच्या बाजारात,
मिरच्यावाल्या बायका माझ्या पायरीला पाटी टेकतात
आणि मी मशीन जरा हळू मारते,
त्यांच्या हिशेबात माझी खडखड नको.

एकतीस वर्षं झाली या गाळ्याला.
खाणी चालू होत्या तेव्हा
पांढऱ्या अस्तरावर लाल धूळ बसायची.
खाणी बंद पडल्या, धूळ गेली, थोडी गिऱ्हाइकंही गेली.
ब्लाऊज मात्र लागतोच.
चवथीला लागतो, लग्नाला लागतो,
क्लेमेंतिना टीचरला निवृत्तीच्या दिवशी
आयुष्यातली पहिली साडी नेसायची होती,
तेव्हाही लागला.

माप देताना बायका माफी मागतात.
पोट आत ओढतात, दंड झाकतात.
"बाळंतपणानंतर सुटले गो."
"थायरॉईड आहे."
"एक बाजू काढली माझी, बांबोळीला,"
हे एकजण भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत होती.
मी टेप फिरवत म्हणते, श्वास सोड बाय,
श्वास धरलेल्या माणसाचं माप चुकतं.
आणि शिवणीच्या आत दीड इंच जास्तीचं कापड सोडते.
माया म्हणतात त्याला.
कुणी ठेवलं हे नाव, ठाऊक नाही.
शिंपीच असणार,
आणि घरात बायको अंगानं भरत चाललेली.

हे सगळं दुसऱ्यांसाठी.

माझा डावा खांदा खाली आहे, जन्मापासून.
आई म्हणायची, सरळ उभी राहा.
मी सरळच उभी असायचे.
सोळाव्या वर्षी स्वतःचा पहिला ब्लाऊज शिवला
तेव्हा त्या खांद्यात कापसाची गादी घातली,
बिस्किटाएवढी.
मग प्रत्येकातच घालत गेले.
मे महिन्यात ती घाम पिऊन फुगायची,
दोरीवर बाकीचं कापड वाळायचं,
खांदा तेवढा ओला.

परवा दुपारी लाईट गेली.
मयेची सिद्धाली शिकायला येते माझ्याकडे,
सरावाला दुसरं कोणी नव्हतं,
म्हणाली, काकी, तुमचंच घेते.
टेप खांद्यावर आली आणि थांबली.
"ही गादी काढा ना. हिचं माप नको मला."

काढली.
दाराकडे पाठ करून, कात्रीच्या टोकानं, चार टाके.

तिनं वहीत लिहिलं:
छाती अडतीस. बाही साडेनऊ.
डावा खांदा पाऊण इंच उतार.
पेन्सिल थांबली नाही.
पुढच्या ओळीवर गेली. मागचा गळा सात.

मग तिला भूक लागली
आणि ती कोपऱ्यावर भाजी-पाव आणायला गेली.

मी वही परत उघडली.
उजवा दंड जाड. पाठीला पोक, मागे अर्धा इंच जास्त.
एका बाजूला कप भरणे.
माझंच अक्षर, कितीतरी पानं,
आणि त्यात तक्रार म्हणून लिहिलेली
एकही ओळ नव्हती.
सुमित्रा गावस आणि क्लेमेंतिना टीचर यांच्यामधे
जागा कमी होती,
पोरीनं तिथंच दाटीवाटीनं मला बसवलेलं.

गादी फेकवेना.
तिला लाल खण लावून टाचण्यांची उशी केली.
टोचून घेणं तिला नवीन नाही.

पोपटी कापड घेतलं, पाऊण इंच उतार देऊन कापलं.
कापताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू.
घातला, तर पदर दोनदा घसरला.
दोनदा वर घेतला.
बुधवार होता.
मिरच्यावाली म्हणाली, नवा गो?
म्हटलं, नवा.
"बसलाय बरा," म्हणाली,
आणि शंभराचे सुट्टे मागायला लागली.