खाली येणं

आखाजीला कुमुद आली ती पिंजरा घेऊन.
नाशिक ते सावदा, एसटीच्या मागच्या सीटवर,
वरून ओली ओढणी टाकलेली.
कंडक्टरनं विचारलं तेव्हा म्हणाली, रोपटं आहे.
ओढणीतून रोपटं म्हणालं, "दार लाव वं."

त्याचं नाव तलाठी.
कुठलाही कागद दिसला की कडेनं कुरतडतो
आणि सही करत नाही.

उन्हं कलल्यावर ओट्यावरून मीच म्हणालो,
"काढ त्याले बाहीर. एवढा मोठा लिंब दारात,
पाहू दे लेकाले झाड कसं असतं ते."
"नको," ती म्हणाली. "पंख."
"दिवाळीत कातरले ना तू?"

दिवाळी ते आखाजी.
मी बोटांवर महिने मोजले नाहीत.
पिसांनी मोजले होते.

नऊ वर्षं तो तिच्या खांद्यावर बसतोय,
भाकरी थापताना, फोनवर भांडताना,
एकदा तर रेशनच्या रांगेत.
खांदा म्हणजेच जमीन, असं वाटत असणार त्याला.
ती झोक्यावर बसली, तो तिच्यावर,
गल्लीतल्या पोरींनी हळूच ढकललं,
झोका गेला, आला, गेला

आणि रस्त्यावर केळीच्या ट्रकनं हवा सोडली.
फुस्स.
बस, एवढंच. मांजर नाही, शिकरा नाही.
आम्ही ज्याला आवाजही म्हणत नाही
असा आवाज.

झोका रिकामा खांदा घेऊन परत आला.

तो लिंबाच्या शेंड्यावर,
जन्मात माळ्याच्या फळीपलीकडे न गेलेला.
हिरव्यात हिरवा. फक्त चोच दिसे,
तीही वारा आला की नाही.
खाली आम्ही: भिजवलेली डाळ, मिरची,
उघडा पिंजरा डोक्यावर धरून उभे.
कुमुद हाक मारी, वरून उत्तर येई,
तो मान वाकडी करून बघे,
एकेक पाऊल सरकत फांदीच्या टोकाशी येई,
आणि मागे.

रेमा पावरा केळी कापून परत चालला होता,
चिकानं काळे पडलेले हात, काखेत कोयता.
थांबला. वर बघितलं.
"वर जायला भीती पुरते," म्हणाला,
"खाली यायचं शिकावं लागतं.
आई-बाप शिकवतात, फांदी-फांदीनं.
ह्याला कोणी शिकवलं?"

कुणी काही बोललं नाही.
आम्ही त्याला शिकवलं होतं
"कोण ए", "दूध आलं", "दार लाव".

तिन्हीसांजेला कावळे जमले.
पोरांनी डबे वाजवले, तर तोच बिचकून
अजून एक फांदी वर.
कुणी म्हणालं, फोटो टाका गावच्या ग्रुपवर.
कसा टाकणार? पोपट पाळायला बंदी आहे.
हरवला म्हणून सांगायचं,
तर होता हेही सांगावं लागतं.

रात्री गच्चीवर झोप नव्हतीच,
सिमेंट अजून दुपारचं तापलेलं.
दोन-अडीचला अंधारातून स्पष्ट आवाज आला,
"दार लाव वं."
मी उठलो. जिना उतरलो.
सवयीनं कडीला हात घातला,
आणि तसाच उभा राहिलो,
कडी हातात, दार उघडं,
समोर सगळा लिंब.

दार लावलं नाही.
पहाटे कुत्रं आत शिरलं,
परातीतल्या उरलेल्या सांजोऱ्या खाऊन गेलं.

कुमुद उठायच्या आधी
मी लिंबाखाली पिसं शोधली.
नव्हती.
ह्याचे दोन अर्थ होतात.
तिनं विचारलं तेव्हा मी
एकही सांगितला नाही,
झोक्याची दोरी सोडत बसलो.