नियंत्रण गट

प्रस्तावात मी लिहिलं होतं :
नववी अ ला भिंतीपाशी न्यायचं,
नववी ब ला फळ्यावर शिकवायचं.
तास तेवढेच, बाई तीच, प्रश्नपत्रिका तीच.
फरक फक्त डोंगराचा.

भिंत म्हणजे साक्रीच्या पुढे, माळावरून
सरळ निघालेली काळ्या दगडाची रांग.
जुन्या खडकाला भेग पडली, खालून रस चढला, थिजला,
भोवतालचं झिजून गेलं, हा तेवढा उभा राहिला.
पुस्तकात डाईक. गावात राकसनी भित.
दोन्ही शब्द मी वहीत शेजारी शेजारी लिहिले
आणि मधे रेघ मारली.

पूर्वचाचणी. ही भिंत कशी झाली? आकृती काढा.
राक्षसानं एका रात्रीत बांधली : नऊ जण.
सरकारनं : चार.
भूकंप : अकरा, कारण मागच्या धड्यात भूकंप होता.
वाल्मीक सोनवणेनं भिंतीजवळ शेळी काढली.
फक्त शेळी, नीट, कानांसकट.
मी कोड दिला : अप्रस्तुत.

मग मुलाखती. रेकॉर्डर, ग्लासभर पाणी,
बाहेर पोषण आहाराच्या भांड्यांचा आवाज.
नववी ब ची रंजिता मालचे म्हणाली,
"दगड वाढतस ना ताई.
आमना वावरमा दरसाल नवा निंघतस.
येची येची बोटं फुटतस.
वाढतस नही त कोठेन येतस?"
मी लाल पेन्सिल घेतली. गैरसमज, प्रकार तीन.

रात्री दोनला एका जुन्या लेखात वाचलं :
काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते,
भेगांमधून खाली घसरते,
आणि दगड दर वर्षी थोडा थोडा वर येतो.
म्हणजे तिनं पाहिलं ते खरंच होतं.
क्रियापद तेवढं चुकलं.
माझ्या तक्त्यात क्रियापदासाठी रकाना नव्हता.

अ तुकडी बुधवारी गेली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या,
हातोडी एकच, तिच्यासाठी भांडण.
ब तुकडीला मी फळ्यावर भिंत काढून दिली,
पांढरा खडू, बाण, नावं.
कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं, समजलं.

रविवारी ब तुकडी आपली आपण गेली.
सव्वीस जण, सायकली आणि एक बैलगाडी,
शेळ्याही बरोबर, कारण रविवारी त्या कोण सांभाळणार.
सोमवारी बाकावर दगडांची रास.
अंतिम चाचणीत रंजितानं लिहिलं :
भिंतीच्या कडेचा दगड बारीक दाण्याचा आहे, मधला जाड.
कड आधी थंड झाली असेल.
गुऱ्हाळात वाफ्यातला गूळ पण कडेनंच आधी थिजतो.

फळ्यावर मी कड काढलीच नव्हती.

मार्गदर्शकांना फोन केला.
ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले,
"म्हणजे तुमचा नियंत्रण गट दूषित झाला."
हो सर.
"तुलना आता उरत नाही."
नाही सर.
"मुलांना सांगितलं नव्हतं का, जाऊ नका म्हणून?"
तसं सांगणं कुठल्या पद्धतीत बसतं
ते मला सुचेना.

आता प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहितेय, मर्यादा.
पहिलं वाक्य जमत नाही.
परवा पडताळणीसाठी वाल्मीकला पुन्हा बोलावलं,
त्याची आकृती समोर ठेवली,
विचारलं, ही शेळी कशाला?
त्यानं माझ्याकडे पाहिलं, जरा दयेनंच.
"शेळी नही काढी
त भित केवढी शे, ते कसं समजी?"

मी प्रमाणाबद्दल अख्खा तास घेतला होता.
त्या तासाला तो गैरहजर होता,
हजेरीपटात आहे तसं.