बारा किलोचा हुक

भिंत पोकळ विटेची आहे, गवंडी म्हणाला,
बारा किलोच्या वर काही टांगू नका.
म्हणून बारा.
हा कुठल्या शर्यतीचा नियम नाही,
भांडुपच्या एका चौथ्या मजल्याचा आहे.
लिफ्ट नाही, आणि जिन्याखालची जागा
सेक्रेटरी पाटकरांच्या बंद स्कूटरनं
सात वर्षं अडवलेली.

वहीत जिथे दुधाचा हिशेब संपतो
तिथून माझी सायकल सुरू होते.
फ्रेम, मागच्या शॉकसकट: दोन किलो नऊशे.
लॅन्सी डिमेलोची. त्याचा गुडघा गेला, फ्रेम राहिली.
मरोळच्या पोटमाळ्यावर चादरीत गुंडाळलेली.
तडा नाहीये, म्हणाला,
आणि मी न विचारताच टॉर्च लावून
एकेक वेल्ड दाखवत गेला.
अठ्ठावीस हजार सांगितले, पंचवीसला दिली.
रिक्षात ठेवताना दोनदा बजावलं,
पिव्होटला ग्रीस लावत जा हां.
मग रिक्षा निघेपर्यंत तो उभाच, दुखऱ्या पायावर.

फोर्क, हवेचा, जुना: एक किलो सहाशे पन्नास.
चाकं: एक आठशे. टायर ट्यूबशिवाय.
पुढे एकच चक्र, म्हणजे एक शिफ्टर कमी,
एक केबल कमी, एक कटकट कमी.

हार्डटेल घे ना, भाचा म्हणतो,
दीड किलो वाचेल, पैसेही.
त्याचं बरोबर आहे. त्याचा मणका चोवीस वर्षांचा आहे.
माझ्या चौथ्या-पाचव्या चकतीमध्ये
वीस वर्षांचं वाकून बसणं साठलंय,
आणि मुलुंड कॉलनीच्या मागे डोंगराची पायवाट
मुळांनी भरलेली आहे.

दिवसा मी झवेरी बाजारात सोनं तोलते,
मिलिग्रॅमपर्यंत, दुसऱ्यांचं.
जेवणाच्या सुट्टीत त्याच काट्यावर
आधी स्टीलचा बोल्ट, मग टायटॅनियमचा.
फरक: एक ग्रॅम सातशे मिलि.
एवढं सोनं कमी भरलं
तर मला चौकीत बसवतील.
एवढ्या स्टीलसाठी मात्र बोल्टमागे ऐंशी रुपये?
राहू दे, स्टीलच बरं.

भिशीचा नंबर मार्गशीर्षात लागला. साठ हजार.
नणंदेला वाटतंय, पाटल्या.
मी नाही म्हटलेलं नाही अजून.

काळबादेवीत मुस्तनसिरभाईंनी विचारलं,
मुलासाठी?
माझ्यासाठी.
त्यांनी साडीकडे पाहिलं नाही, हे मी लक्षात ठेवलं.
शॉकचा पंप काढला. वजन सांगा.
बासष्ट, मी म्हणाले.
ते पंपाच्या काट्याकडे बघत राहिले.
बाई, माणसाला चालतं, शॉकला खोटं चालत नाही.
सहासष्ट.
आणि बूट? पाण्याची बाटली?
अडुसष्ट लिहा.
लग्नाच्या आधीपासून लोक माझं वजन विचारत आलेत,
पण त्यावरून कुणी
माझ्यासाठी काही मऊ केलं नव्हतं.

सील अजून मिळायचे आहेत. डावा ब्रेक गळतो.
सव्वीसशे रुपये कमी पडतायत,
ते कुठून, हे पान कोरं आहे.

बेरीज मात्र झाली, तीनदा करून पाहिली:
अकरा किलो नऊशे दहा.
नव्वद ग्रॅम शिल्लक.
ते मी चिखलाच्या नावावर लिहिलेत.

हुक मात्र परवाच बसवून घेतला.
त्याला पिशवीत मोजून बारा किलो तांदूळ टांगलेत.
रात्री पाणी प्यायला उठले की
अंधारात आधी त्या भिंतीला कान लावते.